ओ न देणारं नाव

येरमाळ्यात हायवेला लागून आमचं टायरचं दुकान आहे. खाली वडील बसतात, वरच्या खोलीत मी. पुण्यातली नोकरी सोडून आल्यापासून मी तिथूनच काम करते. जुने, बंद पडलेले प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालते करून देणं हा माझा धंदा. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांनी ते लिहिले ती माणसं बहुतेक वेळा हाताशी नसतात, आणि त्यांनी मनात काय धरून काय लिहिलं ते नुसत्या ओळींवरून ओळखावं लागतं.

त्या वर्षी येडाई देवीच्या चैत्री यात्रेला आठवडा राहिला होता. दुपारी बाराच्या सुमारास लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. दार उघडून पाहिलं तर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कठडा धरून, पुढची पायरी चपलेच्या टोकानं चाचपत वर येत होते. खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"सोनारीहून आलो," ते बसता बसता म्हणाले. "परंड्याहून बार्शी, बार्शीहून हितं. सकाळी निघालो होतो."

ते भूमी अभिलेखच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मोडी वाचणारे. निजामाच्या काळातले उर्दू कागद आणि सीमेकडच्या गावांतले कानडी कागदही त्यांना वाचता येत. सगळ्या जिल्ह्यातून लोक त्यांच्याकडे जुने कागद घेऊन यायचे. ते कागद वाचायचे, एका प्रोग्रॅममध्ये टाईप करायचे आणि छापून द्यायचे. पानाच्या डावीकडे मूळ लिपी, उजवीकडे देवनागरी. चारी लिप्या एका पानावर नीट दिसतील असा तो प्रोग्रॅम होता. त्यांचा कॉम्प्युटर जळाला, नवा घेतला, आणि त्यावर प्रोग्रॅम सुरूच होईना.

"हा लिहिला कुणी?" मी विचारलं.

"धाकट्यानं. माझ्या भावानं."

"त्यांचा नंबर द्या ना. एकदा बोलून घेते."

"तो आता न्हाय," ते म्हणाले. एखादा माणूस बाजाराला गेला आहे हे सांगावं तसं. "तीन वर्सं झाली."

पिशवीतून त्यांनी एक पेनड्राईव्ह काढून माझ्या हातात ठेवला. त्यात प्रोग्रॅमच्या फाईली होत्या आणि आजवर टाईप केलेली सगळी पानंही.

आमच्या कामात एक टप्पा असतो, त्याला लिंकिंग म्हणतात. प्रोग्रॅमच्या अनेक फाईली असतात. एका फाईलमधलं काम दुसऱ्या फाईलमधल्या कामाला नावानं हाक मारतं. आधी प्रत्येक फाईल वेगवेगळी तपासली जाते आणि तेव्हा या हाका तशाच सोडून दिल्या जातात, पुढे कुणीतरी ओ देईल या भरवशावर. मग लिंकर येतो. तो प्रत्येक हाकेला ओ देणारं शोधतो. कुणी नसलं तर तिथंच थांबतो आणि लिहून देतो: या नावाला हाक मारली आहे, पण या नावाचं कुणी नाही.

पहिल्यांदा जोडायला घेतला तेव्हा अशा तीनशेच्या वर ओळी आल्या. याची मला सवय होती. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या चालवणाऱ्या, प्रोग्रॅमचा सुरुवातीचा दरवाजा वेगळ्या नावाचा असतो, तो जुन्याच नावाचा राहिला होता, तो बदलला. सगळ्या भाषांची अक्षरं सांभाळणारी जी तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या कामांचा संच, होती, तिच्यात प्रत्येक नावाच्या शेपटाला आवृत्तीचा आकडा असतो. हाका जुन्या आकड्यानं आणि लायब्ररी नव्या आकड्याची. जुनी आवृत्ती शोधून बसवली. काही फाईली अक्षराला आकडा समजत होत्या आणि काही अक्षराला अक्षर, त्या एका रांगेत आणल्या. तीन दिवसांत तीनशेच्या चाळीस झाल्या, चाळीसच्या सहा, आणि चौथ्या दिवशी दुपारी एकच ओळ उरली.

ती ओळ वाचता येत नव्हती. नावाच्या जागी नुसती चिन्हं, टिंबं आणि तुटकी अक्षरं. मी पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. खाली कॉम्प्रेसर बंद होता, लाईट नव्हती, रस्त्यावरही ट्रक नव्हते. लॅपटॉपच्या बॅटरीवर मी तिसऱ्यांदा जोडलं. आई जेवायला बोलवायला वर आली होती, ती पाठीमागे उभी राहून बघत होती.

"काय करायलीस?"

"एका नावाला हाक मारलीय यात. कुणी ओ देत नाही."

"भर दुपारी हाका मारू नयेत," आई सहज म्हणाली आणि खाली गेली.

ती तुटकी अक्षरं मी उलट फिरवून बघितली. नाव देवनागरीत होतं. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये बाकी सगळी नावं इंग्रजी अक्षरांत आणि हे एकच देवनागरीत: शेजारी_बस. नवीन पान उघडलं की प्रोग्रॅम दर वेळी आधी या नावाला हाक मारत होता आणि मगच पान दाखवत होता.

ते काम लिहिलेली फाईल पेनड्राईव्हवर नव्हती. मग अशा वेळी सगळे करतात तेच मी केलं. त्याच नावाचं एक रिकामं काम लिहिलं. त्यात काहीच नाही, फक्त नाव. लिंकरला तेवढं पुरतं. प्रोग्रॅम जोडला गेला आणि चालला.

सोनारीचे काका पुन्हा आले. त्यांनी एक पान उघडलं, खुर्ची पुढं ओढली आणि पडद्याच्या तळाशी बघत राहिले. पानाकडे नाही, त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीकडे. मग दुसरं पान. पुन्हा पट्टीकडे.

"हे ते न्हाय," ते म्हणाले.

"काय राहिलंय, काका?"

"हितं खाली काही येत न्हाय का?"

"काय यायला पाहिजे?"

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमी कशाच्या जागी काही खोटं बसवलंय का?"

त्यांना ते कसं कळलं हे मी विचारलं नाही. "एक नाव सापडलं नाही," मी म्हणाले. "त्या जागी रिकामं बसवलंय."

"मग खरं आणायला सोनारीला यावं लागंल. त्याची खोली हाय तिथं."

मी दोन दिवसांनी गेले. गावच्या देवळाच्या बाजूनं आत गेल्यावर गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. पत्र्यावर वानरं बसली होती, दहा-बाराच्या वर, एका रांगेत, आणि त्यांच्यातलं एकही हलत नव्हतं. काकांनी परसातल्या खोलीपर्यंत सोबत केली, कडी काढली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबले.

"तुमी जा. म्या हितंच बसतो. तो गेल्यापासून म्या आत पाऊल ठेवलं न्हाय."

खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या. तीन वर्षं बंद असलेल्या खोलीत धूळ असायला हवी होती. नव्हती. खुर्च्याही पुसलेल्या. मी बटण शोधायला कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि मागं घेतला. डबा गरम होता.

कॉम्प्युटर बंद आहे हे मी पुन्हा नीट पाहिलं. मग सुरू केला. पडदा उजळला आणि मी कशाला हात लावायच्या आत एक काळी खिडकी आपोआप उघडली. तिच्यातून ओळी पळायला लागल्या. माझ्या ओळखीच्या ओळी होत्या त्या. प्रोग्रॅम जोडला जात होता. कुणीही न सांगता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही चूक न येता. शेवटी खिडकी मिटली. शेजारी_बस हे काम ज्या लायब्ररीत होतं, तिची फाईल मी शोधली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख होती आणि आत्ताचीच वेळ.

मागं चाहूल लागली. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या.

"घाबरलात व्हय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्याच लावते. रोज दुपारी अर्धा तास, हे झोपले की. आज तुमी यायच्या आधी लावून बंद केला. भावजी सांगून गेले होते, वहिनी, रोज लावत जा, न्हायतर आतून सडतंय. आपोआप काहीतरी पळतंय त्यात. पळून झालं की म्या बंद करते." दाराकडे बघून त्या पुढं म्हणाल्या, "यांना सांगू नका."

म्हणजे माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याचं काम त्या खोलीत रोज दुपारी नव्यानं जोडलं जात होतं. त्या नावाला रोज हाक मारली जात होती, आणि इथं, या एका कॉम्प्युटरवर, रोज ओ मिळत होती. मला काकूंचं म्हणणं पटलं होतं, तरी त्या दुसऱ्या खुर्चीवर मी बसले नाही. फाईली घेतल्या आणि बाहेर आले.

येरमाळ्याला येऊन खरी लायब्ररी जोडली. पहिलं पान उघडलं तर तळाच्या पट्टीत मोठ्या, ठळक अक्षरांत एक ओळ आली. मोडीत. मला मोडी येत नव्हती. मी पान बंद करून पुन्हा उघडलं तेव्हा ती ओळ गेली होती आणि तिच्या जागी तेवढ्याच ठळक अक्षरांतली दुसरी, आखूड ओळ होती.

सुदैवानं पहिल्या ओळीचा मी मोबाईलवर फोटो काढला होता. तो काकांना पाठवला आणि फोन केला. फोटो मोठा करून बघायला त्यांना वेळ लागला.

"जुनी म्हण हाय," ते म्हणाले. "विशेष काही न्हाय."

मग मी लायब्ररीच्या फाईली वाचायला घेतल्या. मधला मोडी मजकूर सोडला तर बाकी काम मला समजत होतं. घड्याळात बारा ते एक असेल तर अमुक ओळ दाखव. एकच पान तासभर उघडं असेल तर तमुक. आणि एक अट वेगळी होती: हा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर पहिल्यांदाच जोडून चालवला जात असेल तर ही ओळ दाखव, आणि पुन्हा कधीच दाखवू नको.

मी ती अट दोनदा वाचली. ती ओळ काकांसाठी लिहिलेली नव्हती. आपण नसताना हा प्रोग्रॅम जो कोणी जोडेल त्याच्यासाठी ती होती. म्हणजे माझ्यासाठी. मी कोण, कुठली, हे माहीत नसलेल्या माणसानं मला काहीतरी सांगून ठेवलं होतं, आणि ज्यांना ते वाचता येत होतं त्यांनी मला खोटं सांगितलं होतं.

ते मनात ठेवून मी तपासणी पुरी करायला बसले. कुठलीही पानं उघडायची आणि अक्षरं जागेवर आहेत का बघायचं. उजवीकडची देवनागरी मला वाचता येत होती. कळंबकडच्या एका गावचा कागद होता: पटकीच्या साथीत नवरा वारलेली एक बाई आपल्या दिराला विहिरीच्या पाण्याचा चौथा वाटा लिहून देते. पूर्वेला चिंच, पश्चिमेला पांदीची वाट. साक्षीला गावात कुणी जिवंत राहिलं नाही म्हणून विहीरच साक्षीला धरली आहे.

मी पुढचं पान उघडलं. भूम तालुक्यातलं गाव. पटकीची साथ. बाई, दीर, पाण्याचा चौथा वाटा. पूर्वेला चिंच. विहीर साक्षीला. तिसरं पान तुळजापूरकडचं, अणदूरच्या पलीकडचं. तीच बाई, तीच विहीर.

माझीच चूक असणार असं मला वाटलं. जोडताना कुठंतरी एका नावाला दुसऱ्यानंच ओ दिली असेल आणि प्रत्येक वेळी तेच पान समोर येत असेल. दीड दिवस मी ते शोधत होते. चूक नव्हती. फाईलमध्येच तसं लिहिलेलं होतं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावच्या नावानं. जुनी पानं ठीक होती. प्रत्येक कागद निराळा, नवसाचे, भांडणांचे, वतनाचे. तीन वर्षांपूर्वीच्या एका दिवसापासून मात्र जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात ती एकच बाई अंगठा देत होती.

त्या संध्याकाळी मोडी अक्षरांचा एक तक्ता मिळवून मी फोटोतली ओळ एकेक अक्षर लावून सोडवायला बसले. छापील वळणाची होती म्हणून जमलं. असं लिहिलं होतं: जोडणाऱ्याने वहिनीस एकदा विचारावे, दादास दिसते का. दादा सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सोनारीला गेले. काका देवळाकडे गेले होते. काकू चुलीपाशी होत्या. मी सरळ विचारलं.

त्यांनी भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाय आजवर. ताटात भाजी कुठं हाय ते हे बोटानं चाचपतेत. भावजी होते तवर ते शेजारी बसून बारीक अक्षर वाचून दाखवायचे. ह्यांनी टाईप करायचं, त्यांनी वाचायचं. नाव ह्यांचंच."

काका आल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. मी म्हणाले, "काका, ती म्हण नव्हती."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "खालची मोठी अक्षरं दिसतात मला. तेवढीच दिसतात. म्हणून तर तो मोठी लिहायचा. जेवलास का, डोळ्याला पाणी लाव, असलं काहीबाही."

"आणि कागद?"

पत्र्यावरून एक वानर धप्पकन अंगणात उतरलं. काकांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण वानर होतं त्याच्या बरंच डावीकडं.

"लोक लांबून येत्यात, बाळ," ते म्हणाले. "रुमालात कागद बांधून. म्हातारी माणसं. त्यांना न्हाय कसं म्हणायचं? धाकटा गेल्यावर पहिल्यांदा आला तो माणूस सारखा म्हणत होता, वाचा की, वाचा की. एक कागद मला पाठ होता. आमच्याच घरचा. त्याच्यावरच म्या मोडी शिकलो, आठव्या वर्षी. तो म्हणून दाखवला. माणूस रडला आणि पाया पडून गेला. मग दुसरा आला."

"कुणाला कळलं नाही?"

"मोडी कुणाला येतंय? आणि लई जणांना तोच कागद आपला वाटला. घरात एखादी अशी बाई असतीच की."

त्यानंतरचं सांगायचं तर काकूंनी आणि मी त्यांना बार्शीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता; तो काढला आणि त्या डोळ्यानं दिसायला लागलं. दुसऱ्याची नस सुकली होती, तो गेला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता. काकांनी सांगितलं, वाचत होतो.

मग आम्ही ती तीन वर्षांची पानं पुन्हा वाचायला घेतली. प्रत्येक कागदाचा फोटो प्रोग्रॅममध्ये होता, तेवढं बरं झालं. मी तो मोठा करून द्यायची, काका एका डोळ्यानं वाचायचे, मी टाईप करायची. हळूहळू मलाही मोडी वाचता यायला लागली. खरा मजकूर लावला की त्या घरी जाऊन सांगायचं, असं काकांनीच ठरवलं. बरेच लोक हसले. दोघांनी तोंडावर शिव्या दिल्या, त्या काकांनी ऐकून घेतल्या.

अणदूरच्या पलीकडच्या त्या गावात आम्ही गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. घरातली म्हातारी आम्हाला आधी शेतातल्या विहिरीवर घेऊन गेली. विहीर जुनी, वापरात नसलेली. काठाच्या दगडात एक कोनाडा होता आणि त्यात दिवा लावलेला होता, भर उन्हात.

"तुमी वाचून दाखवल्यापासून लावतोय," म्हातारी काकांना म्हणाली. "दोन वर्सं. त्या बाईच्या नावानं."

काकांनी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, पाठ असलेल्या कागदाचं. मग खरा कागद वाचून दाखवला. त्यात ना विहीर होती ना बाई. खंडोबाच्या यात्रेत कुणाचा तरी पांढरा बैल हरवला होता आणि त्याची ती फिर्याद होती.

म्हातारीनं नीट ऐकलं. "बैल घावला का?" तिनं विचारलं.

"ते कागदात न्हाय."

तिनं दिव्याकडे बघितलं. "आणि आमच्या घरात तसली बाई झालीच न्हाय म्हणता?"

"न्हाय. ती आमच्या घरातली."

"मग आता दिवा बंद कसा करायचा?" म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "दोन वर्सं रोज तिचं नाव घेऊन बोलावलंय. ती आली असंल तर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. विहिरीत खोल कुठंतरी पाणी असावं, कारण वरून मातीचा खडा सुटला आणि डुबुक असा आवाज यायला वेळ लागला. म्हातारीनं पदराच्या टोकात बांधलेली तेलाची बाटली सोडली, दिव्यात तेल घातलं आणि वात पुढं सारली. आम्ही तिथंच उभे राहिलो, तिचं होईपर्यंत.